हिरडा लागवड

हिरडा (शास्त्रीय नाव: टर्मिनालिया चेब्युला) हा सह्याद्रीत आढळणारा पानझडी वृक्ष आहे. बेहडा व आवळा यांच्यासह त्याचे फळ त्रिफळा चूर्णात वापरतात. फळातील टॅनिनमुळे कातडी कमावण्यासाठीही त्याला मागणी असते. पुणे जिल्ह्यातील तळेघर, भीमाशंकर व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात हिरड्यापासून रोख उत्पन्न मिळते.

फळांचे प्रकार

आठळी धरण्यापूर्वीच्या कोवळ्या, वाळवलेल्या फळास बाळहिरडा, अर्धवट वाढलेल्यास चांभारी हिरडा व पूर्ण पक्व फळास सुरवारी हिरडा म्हणतात. तळेघर परिसरात मुख्यतः बाळहिरडा गोळा होतो. मात्र सर्वच फळे कोवळी काढल्यास बियाणे उरत नाही आणि नवी झाडे उगवत नाहीत. म्हणून प्रत्येक शिवारात काही जोमदार झाडांची फळे पिकू देणे आवश्यक ठरते.

रोपनिर्मिती

हिवाळ्यात गळालेली पक्व फळे वेचून, गर काढून आठळ्या वाळवतात. कवच टणक असल्याने उगवण कमी व उशिरा होते. आठळीचे रुंद टोक आतील गर्भाला इजा न होता किंचित कापून ती 36 तास थंड पाण्यात भिजवल्यास उगवण सुधारते. कोवळ्या रोपांना सावली लागते.

लागवड व निगा

उन्हाळ्यात खड्डे खणून पावसाच्या प्रारंभी रोपे लावतात. झाडाचा विस्तार मोठा असल्याने दोन रोपांत पुरेसे अंतर ठेवावे. तळेघरला पाऊस मुबलक असला, तरी उतारावरील उथळ मातीत पाणी टिकत नाही. त्यामुळे पहिले काही उन्हाळे आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन व अधूनमधून पाणी द्यावे लागते. गुरांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण, तर वणव्यापासून रक्षणासाठी भोवतालचे गवत काढणे उपयुक्त असते. तोडलेल्या वा जळालेल्या बुंध्यास पुन्हा धुमारे फुटतात. त्यांतील जोमदार धुमारे राखून झाड पुन्हा वाढवता येते.

तोडणी

फळांसाठी फांद्या तोडल्यास पुढील हंगामातील बहर घटतो. म्हणून फांद्या न मोडता फळे उतरवून, ती काळी व कडक होईपर्यंत उन्हात वाळवतात. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळे येण्यास अनेक वर्षे लागत असल्याने जुन्या झाडाची हानी लवकर भरून निघत नाही.