फूल आणि दोन पाने

राजकीय मतभेदाविषयी शाळांतून सहसा बोलले जात नाही. आणि बोलले गेलेच तर 'सर्वांनी गुण्यागोविंदाने नांदावे' एवढ्यावरच ते भागविले जाते. परंतु गुण्यागोविंदाने नांदणे म्हणजे सर्वांनी एकच मत धरणे नव्हे. ज्या प्रश्नावर दोन सख्खे भाऊ दोन टोकांना उभे आहेत, त्याचा निकाल लागल्यावरही त्या घरची चूल एकच कशी राहावी, हा खरा कठीण प्रश्न होय. तो समजून घेण्यासाठी विद्यार्थी मित्रांपुढे आम्ही गोमंतकाच्या इतिहासातील एक प्रकरण ठेवीत आहोत. इंदूरच्या वाचकांस गोवा दूरचा वाटेल. पण घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी किंवा माळवी बोलणाऱ्या येथील मुलांना भाषांची ही सरमिसळ नवी नाही. आमची स्वतःची घरची भाषा कोकणी आणि अध्यापनाची मराठी. तेव्हा हा विषय आम्हास थोडा जिव्हाळ्याचा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. तत्पूर्वी तेथे स्वतःचे मत असणे हाच अपराध होता. सालाझारच्या राजवटीत छापावयाचा मजकूर आधी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जावा लागे. लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील त्यातून सुटत नसे! १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावी जी सभा घेतली, ती मुळात बोलण्याच्या आणि जमण्याच्या हक्कासाठीच होती. असा हा मुलूख मोकळा झाला आणि पाचच वर्षांत त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला: महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे, की केंद्रशासित संघप्रदेश म्हणून वेगळे राहावयाचे?

विलीनीकरणाच्या बाजूस पहिले मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष होता. देवळातील कीर्तन मराठी, घरातील पोथी मराठी, मुलांचे पाठ्यपुस्तक मराठी. मग वेगळेपण कशाचे, असे त्यांचे म्हणणे. त्यामागे आणखीही एक गोष्ट होती. पिढ्यानपिढ्या भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे मुंडकार आणि त्याची शेते कसणारी कुळे यांस मोठ्या राज्यात आपणास न्याय मिळेल, अशी आशा वाटत होती. उलटपक्षी डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष म्हणे की, कोकणी ही मराठीची पोटभाषा नसून स्वतंत्र भाषा आहे, आणि विलीन झाल्यास गोवा एका मोठ्या राज्याचा कोपऱ्यातील जिल्हा होऊन बसेल. आमच्या मते यांपैकी कोणतीही बाजू पोकळ नव्हती. तरीही प्रचाराच्या धुळीत एकाने दुसऱ्यास पोर्तुगीजधार्जिणा म्हणावे आणि दुसऱ्याने पहिल्यास बाहेरच्यांचा हस्तक ठरवावे, असे झालेच.

अखेर संसदेने १९६६ साली कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणास फूल आणि संघप्रदेशास दोन पाने, अशी चिन्हे होती. सत्ता हाती असलेल्या पक्षाकडे कौलाच्या वेळी कारभार राहू नये, ही विरोधकांची मागणी होती. त्याप्रमाणे बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. प्रतिपक्षाच्या मनातील शंका फेडण्यासाठी खुर्ची सोडावी लागणे, ही लहान गोष्ट नव्हे.

मतदान गुप्त होते, हे तर नेहमीचेच. पण येथे त्या गुप्ततेचा अर्थ नीट पाहावयास हवा. मुंडकाराचे घर भाटकाराच्या भूमीवर. उघड हात वर करावयाचा असता, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहून तो केला असता? सुनेने सासऱ्यासमोर, नोकराने धन्यासमोर, आणि ज्याच्या आळीत सारे एका बाजूचे आहेत त्या एकट्या माणसाने शेजाऱ्यांसमोर काय केले असते? पडद्यामागील त्या दोन हात जागेत मात्र प्रत्येकजण एकटा आणि म्हणून मोकळा होता. 'कोणास मत दिले?' हा प्रश्न घरातही विचारू नये असे आम्हास वाटते, त्याचे कारण हेच. ज्यास सांगावयाचे असेल तो आपण होऊन सांगेल.

निकाल असा लागला: दोन पानांस १,७२,१९१ मते, फुलास १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

पुष्कळांचा असा समज आहे की, ख्रिस्ती तेवढे विरुद्ध गेले आणि हिंदू तेवढे बाजूने. थोडे अंकगणित करून पाहा. एकूण मतदार सुमारे ३,८८,००० होते. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा चाळिसांहून कमी होती. मतदारांतही तेच प्रमाण धरले, तर ख्रिस्ती मतदार फार तर १,५५,००० भरतील. आणि त्यांतील एकूणएक केंद्रावर गेला असे मानले तरी १,७२,१९१ हा आकडा गाठला जात नाही. म्हणजे हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारला. आडनाव वा देवघर पाहून माणसाचे मत ओळखता येते असे समजणारांनी हे गणित एकदा पाटीवर मांडावे.

याहून मौजेची गोष्ट वृत्तपत्रांची. विलीनीकरणाविरुद्ध जोराने लढलेले 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच येई. कोकणीची बाजू मराठीतून मांडली जात होती आणि मराठी वाचणारे ती वाचून पटवून घेत होते! भाषेवर प्रेम करणे आणि त्या भाषेच्या नावाने मागितलेल्या राजकीय मागणीस नकार देणे, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी सुखाने राहू शकतात.

आता मार्च १९६७ पाहा. कौलानंतर दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. कौल हरलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास लोकांनी ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा निवडले आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७३ साली निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्या एका मतास लोकांनी नकार दिला होता, माणसास नव्हे. त्यांनीही कौल मानून त्याच गोव्याचा कारभार चालविला.

पुढचा सर्वच इतिहास असा शहाणपणाचा आहे, असे मात्र नव्हे. राजभाषेच्या प्रश्नावर १९८६ साली गोव्यात दंगली झाल्या आणि त्यांत माणसे प्राणांस मुकली. ज्या लोकांनी वीस वर्षांपूर्वी मतपेटीत हा वाद मिटविला, तेच लोक तेव्हा रस्त्यावर एकमेकांस अडवीत होते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली; त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला. रोमी लिपीत कोकणी लिहिणारांची तक्रार त्यानंतरही राहिली. ती अजूनही मांडली जाते, आणि तिला उत्तरेही दिली जातात, बहुधा कोकणीतून आणि कधी मराठीतून.