जलगुणवत्ता अहवाल, शासकीय

नद्या, सरोवरे, तलाव इ. जलाशयांतील पाण्याची भौतिक, रासायनिक व जैव स्थिती ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक कालांतराने तपासून शासन किंवा शासनाने नेमलेली यंत्रणा जे संकलित निवेदन प्रसिद्ध करते, त्यास जलगुणवत्ता अहवाल म्हणतात. पाणी डोळ्यांना निर्मळ दिसले, तरी त्यातील रोगजंतू व विरघळलेली द्रव्ये दिसत नाहीत. त्यामुळे ते पाणी पिणाऱ्या, त्यात स्नान करणाऱ्या वा त्यावर शेती करणाऱ्या नागरिकाला त्याची खरी स्थिती कळण्याचे अहवाल हेच मुख्य साधन होय. अहवालातील प्रत्येक आकडा दोन गोष्टींनी ठरतो : एक, पाण्याची प्रत्यक्ष स्थिती व दुसरी, ती मोजण्याची व सांगण्याची पद्धत. या दोहोंतील फरक लक्षात घेतल्याशिवाय अहवालाचा योग्य अर्थ लागत नाही.

इतिहास : औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमधील नद्या कारखान्यांचे अपशिष्ट व शहरांचे वाहितमल यांमुळे दूषित झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी १८६५ व १८६८ मध्ये राजनियुक्त आयोग नेमण्यात आले. दुसऱ्या आयोगात एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ सदस्य होते. १८७६ मध्ये नदीप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. १८९८ मध्ये नेमलेल्या वाहितमल विल्हेवाट आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात नद्यांची प्रत आकड्यांत सांगण्याची पद्धत रूढ केली. पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन होताना पाच दिवसांत किती ऑक्सिजन खर्च होतो, यावरून आयोगाने नद्यांची प्रतवारी केली. दर लिटरमागे १ मिग्रॅ. म्हणजे अतिस्वच्छ, २ स्वच्छ, ३ बऱ्यापैकी स्वच्छ, ५ संशयास्पद व १० वाईट, अशी ती प्रतवारी होती. जगातील बहुतेक शासकीय अहवालांत ही कसोटी आजही वापरली जाते.

भारतात पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि त्यानुसार १९७० मध्ये राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. संविधानाच्या २५२ व्या अनुच्छेदानुसार काही राज्यांनी ठराव केल्यावर संसदेने १९७४ मध्ये जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. जलप्रदूषणासंबंधीची तांत्रिक व सांख्यिकीय माहिती गोळा करणे, ती संकलित करणे व प्रसिद्ध करणे, हे या अधिनियमाने केंद्रीय मंडळाचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे अहवाल प्रसिद्ध करणे ही शासनाची मेहेरबानी नसून कायद्याने सोपविलेले काम आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे या कर्तव्याला आणखी बळ मिळाले.

मोजमाप : अहवालात प्रामुख्याने चार गोष्टी येतात. (१) विरघळलेला ऑक्सिजन : मासे व इतर जलचर यांच्या श्वसनाला तो लागतो. (२) जैव ऑक्सिजन मागणी : सूक्ष्मजंतूंना सेंद्रिय घाण कुजविण्यास लागणारा ऑक्सिजन. ही मागणी जितकी अधिक तितके पाणी अधिक दूषित. अनेक देशांत ती २०° से. तापमानास पाच दिवस ठेवलेल्या नमुन्यावरून काढतात. भारतातील हवामान लक्षात घेऊन येथे २७° से. तापमानास तीन दिवसांची चाचणी प्रमाण मानली आहे. (३) कोलिफॉर्म जंतू : यांपैकी विष्ठाजन्य जंतू मनुष्य व इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांतून येतात. ते पाण्यात आढळणे म्हणजे त्यात मैला मिसळल्याची खूण होय. त्यांची संख्या दर १०० मिलि. मध्ये सांगतात. (४) पीएच मूल्य : यावरून पाण्याची अम्लता वा क्षारता कळते. यांखेरीज नायट्रेट, अमोनिया, विद्युत् संवाहकता, जड धातू व कीटकनाशके यांचीही तपासणी काही स्थानकांवर होते.

नमुना कोठे व केव्हा घेतला, यावर निष्कर्ष अवलंबून असतो. नाला नदीस मिळतो त्याच्या वरच्या बाजूस घेतलेला नमुना आणि खालच्या बाजूस घेतलेला नमुना यांत मोठे अंतर पडते. पावसाळ्यात पूर घाण विरळ करतो. उन्हाळ्यात प्रवाह आटतो आणि तेवढेच सांडपाणी अधिक घातक ठरते. शैवाल माजलेल्या तलावात दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर असतो, तर रात्रभर श्वसन चालून पहाटे तो तळाला जातो. दुपारच्या नमुन्यात पाणी उत्तम ठरलेल्या तलावात पहाटे मासे गुदमरून मरू शकतात. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचविणे हेही आवश्यक असते. विलंब झाल्यास जंतूंची संख्या व ऑक्सिजनाची मागणी दोन्ही बदलतात.

भारतातील वर्गीकरण : केंद्रीय मंडळाने पाण्याची प्रत त्याच्या उपयोगावरून ठरविली आहे. एखाद्या पट्ट्यातील पाण्याच्या निरनिराळ्या उपयोगांपैकी ज्याला सर्वांत शुद्ध पाणी लागते, तो त्या पट्ट्याचा ‘निर्दिष्ट सर्वोत्तम उपयोग’ मानतात. त्यानुसार पाच वर्ग आहेत. ‘अ’ वर्गाचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिता येते. त्यात जैव ऑक्सिजन मागणी दर लिटरला २ मिग्रॅ. पेक्षा अधिक व विरघळलेला ऑक्सिजन ६ मिग्रॅ. पेक्षा कमी नसावा. ‘ब’ वर्ग स्नानासाठी, ‘क’ वर्ग नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी, ‘ड’ वर्ग वन्यजीव व मत्स्यसंवर्धन यांसाठी, तर ‘इ’ वर्ग सिंचन व कारखान्यांतील शीतन यांसाठी आहे. स्नानाच्या पाण्याची स्वतंत्र मानके २००० मध्ये अधिसूचित झाली. त्यांनुसार विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिग्रॅ., जैव ऑक्सिजन मागणी कमाल ३ मिग्रॅ. आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू दर १०० मिलि. मध्ये इष्टतः ५०० व कमाल २,५०० असावेत.

प्रदूषित पट्टे : एखाद्या नदीवरील लागोपाठच्या स्थानकांवर जैव ऑक्सिजन मागणी ३ मिग्रॅ. च्या वर गेल्यास त्यांमधील भाग ‘प्रदूषित पट्टा’ म्हणून नोंदला जातो. ती ३० मिग्रॅ. पेक्षा अधिक असल्यास पहिला प्राधान्यक्रम, २० ते ३० असल्यास दुसरा, १० ते २० असल्यास तिसरा, ६ ते १० असल्यास चौथा आणि ३ ते ६ असल्यास पाचवा प्राधान्यक्रम देतात. अशा पट्ट्यांची संख्या २००९ मध्ये १५०, २०१५ मध्ये ३०२ व २०१८ मध्ये ३५१ अशी जाहीर झाली. २०२२ च्या अहवालात ती ३११ होती. पहिल्या तीन आकड्यांवरून नद्या नऊ वर्षांत दुपटीहून अधिक बिघडल्या असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही, कारण त्या काळात स्थानकेही वाढली. जे पूर्वी पाहिले जात नव्हते ते नंतर नोंदले गेले. तसेच ३५१ वरून ३११ ही घट सर्वस्वी समाधानकारक मानता येत नाही. याच काळात पहिल्या प्राधान्यक्रमाचे, म्हणजे सर्वाधिक दूषित पट्टे ४५ वरून ४६ झाले. महाराष्ट्रातील पट्ट्यांची संख्या ५३ वरून ५५ झाली व ती दोन्ही वेळा देशात सर्वाधिक होती. मुंबईतील मिठी नदीचा पवई ते धारावी हा भाग २०१८ च्या यादीत पहिल्या प्राधान्यक्रमात होता.

ही यादी एकाच कसोटीवर आधारलेली आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. जैव ऑक्सिजन मागणी मर्यादेत आली की पट्टा यादीतून वगळला जातो. तेथील कोलिफॉर्म जंतूंची संख्या या गणनेत धरली जात नाही. म्हणून यादीबाहेरील नदी स्नानास योग्य असेलच असे नाही.

निर्देशांक : सामान्य वाचकाला अनेक आकड्यांऐवजी एकच आकडा समजावा म्हणून जलगुणवत्ता निर्देशांक काढतात. ही कल्पना अमेरिकेत १९६५ मध्ये पुढे आली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालांत वापरलेल्या सूत्रात विरघळलेल्या ऑक्सिजनाला ०·३१, विष्ठाजन्य कोलिफॉर्मला ०·२८, पीएच मूल्याला ०·२२ व जैव ऑक्सिजन मागणीला ०·१९ असा भार दिला जातो. ६३ ते १०० पर्यंतचा निर्देशांक ‘चांगले ते उत्तम’ मानतात. या सोयीत एक धोकाही आहे. समजा, इतर तिन्ही घटकांना १०० पैकी ९० गुण मिळाले व जंतूंच्या घटकाला केवळ १० मिळाले, तर एकूण निर्देशांक ६७·६ येतो. म्हणजे मैला मिसळलेले पाणीही ‘चांगले’ ठरू शकते. याकरिता निर्देशांकाबरोबर मूळ आकडे देणे आवश्यक ठरते.

सरोवरे : नदीचे पाणी वाहून जाते, तर सरोवरात आलेली द्रव्ये साठून राहतात. नायट्रोजन व फॉस्फरस यांची संयुगे साचल्याने शैवाल व जलपर्णी माजते. या प्रक्रियेस सुपोषण म्हणतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या १९८२ च्या अभ्यासानुसार दर लिटरमध्ये एकूण फॉस्फरस ३५ मायक्रोग्रॅ. हून अधिक असल्यास सरोवर सुपोषित समजतात. भारतातील वर उल्लेखिलेल्या पाच वर्गांच्या निकषांत फॉस्फरसाचा समावेश नाही. त्यामुळे मुंबईच्या पवई तलावासारख्या ठिकाणी जलपर्णी वारंवार का वाढते, याचे उत्तर केवळ वर्गावरून मिळत नाही [→ जलप्रदूषण].

आकड्यांचा अर्थ : एकाच माहितीवरून भिन्न निष्कर्ष कसे निघतात, याचे ठळक उदाहरण २०२५ च्या प्रयागराज येथील महाकुंभाचे आहे. केंद्रीय मंडळाने ३ फेब्रुवारीच्या अहवालात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास कळविले की, तपासलेल्या सर्व ठिकाणी निरनिराळ्या वेळी विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू स्नानाच्या मानकापेक्षा अधिक आढळले. २८ फेब्रुवारीच्या अहवालात मात्र त्याच मंडळाने आकड्यांतील चढउतार मोठे असल्याचे सांगून सांख्यिकीय विश्लेषणाचा आधार घेतला. मध्यक मूल्य १,४०० येते व ते २,५०० च्या आत असल्याने पाणी स्नानास योग्य होते, असे म्हटले. मध्यक हे निम्मे नमुने ज्याच्या खाली व निम्मे ज्याच्या वर असतात ते मूल्य होय. वरच्या निम्म्या नमुन्यांतील सर्वांत मोठा आकडा किती, हे त्यावरून कळत नाही. सरासरी स्थितीचे वर्णन करण्यास मध्यक उपयोगी आहे. परंतु विशिष्ट दिवशी पाण्यात उतरणाऱ्याला त्या दिवसाचा आकडा महत्त्वाचा असतो.

अन्य देशांतील पद्धती : यूरोपीय संघाच्या २००० च्या जल निर्देशानुसार कोणताही एक घटक नापास झाला, तरी तो जलाशय ‘चांगल्या’ वर्गातून बाद होतो. इंग्लंडमध्ये २०१६ साली ९७ टक्के पृष्ठजल रासायनिक दृष्ट्या चांगले ठरले होते. २०१९ च्या मूल्यमापनात (प्रसिद्धी २०२०) असे एकही ठरले नाही. तीन वर्षांत सर्व नद्या नासल्या नव्हत्या. पारा व काही चिवट रसायने यांच्या तपासणीची पद्धत अधिक कडक झाली होती. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्य दर दोन वर्षांनी आपल्या पाण्याचा अहवाल देते व मानके न पाळणाऱ्या जलाशयांची यादी करते. यादीतील जलाशयात प्रदूषकाचा जास्तीत जास्त किती भार सोडता येईल, हे ठरवावे लागते. १९९६ च्या अहवालासाठी तेथे केवळ १९ टक्के नदीलांबी व ४० टक्के सरोवरक्षेत्र तपासले गेले होते. ही त्रुटी भरून काढण्यासाठी पुढे यादृच्छिक निवडीने ठिकाणे घेण्यात आली. अशा १,३९२ ठिकाणी उथळ ओढ्यानद्यांची पाहणी होऊन ४२ टक्के लांबीची स्थिती वाईट आढळली.

मूल्यमापन : भारतात नदीत मिसळणारी घाण मुख्यतः शहरांच्या सांडपाण्यातून येते. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार नागरी भागांत रोज ७,२३६·८ कोटी लिटर सांडपाणी निर्माण होत होते व त्यांपैकी २,०२३·६ कोटी लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिका व महानगरपालिका आणि ते तपासणारे राज्य मंडळ ही दोन्ही शासनाचीच अंगे असल्याने अहवालाची विश्वासार्हता हा नाजूक प्रश्न ठरतो. ती टिकण्यासाठी स्थानकांची जागा, नमुन्याची तारीख व वेळ, मूळ आकडे आणि निकषांत झालेले बदल ही सर्व माहिती अहवालात असणे व तो वेळेवर प्रसिद्ध होणे आवश्यक असते. वर्षा-दोन वर्षांनी प्रसिद्ध होणारा अहवाल धोरण आखण्यास व न्यायालयीन पुराव्यास उपयोगी पडतो. पण काठावरच्या लोकांना इशारा देण्यास तो उशिराचा ठरतो. यासाठी गंगेसारख्या नद्यांवर अखंड मोजणी करणारी स्वयंचलित स्थानके बसविण्यात आली आहेत. मात्र जंतूंची संख्या प्रयोगशाळेत नमुना वाढवूनच खात्रीने ठरवावी लागत असल्याने, पाणी स्नानास योग्य आहे की नाही, याचे उत्तर नमुना घेतल्यावर लगेच मिळत नाही.