एक मिनिट थांबायचं

सकाळी ७.३०. धाराशिव जिल्ह्यातलं एक आरोग्य उपकेंद्र. सिस्टर आधी द्रावण करतात. ५ मिलि ॲसेटिक ॲसिड, ९५ मिलि डिस्टिल्ड वॉटर. रोज ताजं. कालचं ओतून द्यायचं. मग आतलं बघायचे स्पेक्युलम मोजतात. निर्जंतुक केलेले वीस आहेत, म्हणजे आज वीसच बायका.

८.१५. आशाताई खुरपणीला निघालेल्या बायकांना गाठते. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांना बोलावते.
"मला काय बी होत न्हाई."
"होत नसतं तवाच बघायचं असतं, वैनी."
रोज तीनशे रुपये. दुपारपर्यंत सुटका झाली तर अर्धा तरी हाती पडेल, हा हिशोब दारातच होतो.

१०.००. पडद्याआड टेबल, दिवा. "पाय सैल सोडा, श्वास घ्या." गर्भपिशवीच्या तोंडाला द्रावणात भिजवलेला कापूस लावतात आणि घड्याळ बघतात. एक मिनिट. बिघडलेल्या पेशी असल्या तर तिथे पांढरा चट्टा उठतो.

पेशी अशा बिघडण्यामागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो. शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत निघूनही जातो. काहींच्या जात नाही. तिथे त्याची दोन प्रथिनं कामाला लागतात. ई६ पेशीतलं पी५३ नष्ट करतं, ई७ आरबी निकामी करतं. पी५३ आणि आरबी ही बिघडलेल्या पेशीला थांबवणारी प्रथिनं. ती गेली की पेशी वाढतच राहते. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला मात्र बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. सिस्टरांची सगळी मेहनत या वर्षांच्या भरवशावर आहे.

११.३०. वीज गेली. टॉर्च आशाताईच्या हातात. काम चालू.

१२.४०. एकीला चट्टा दिसला. पांढराफटक, कडा ठळक. वय बेचाळीस. "हा कॅन्सर आहे असं नाही. जिल्ह्याला जाऊन मोठ्या यंत्रातून बघू. गरज पडली तर तेवढाच भाग जाळून टाकतात, मिनिटभराचं काम." बायकांना एसटीचं तिकीट अर्धं. पण सोबत कुणी आलं तर दोन रोज बुडणार. आशाताई म्हणते, "मी येते."

२.००. वापरलेले स्पेक्युलम दहा मिनिटं क्लोरीनच्या पाण्यात. मग घासणं, धुणं, ऑटोक्लेव्ह. भाकरी त्यानंतर.

४.३०. रजिस्टर. सतरा तपासल्या, एक पुढे पाठवली. तीन रोजावर गेल्या, त्यांच्या घरी उद्या पुन्हा.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी हीच तपासणी केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर अभ्यास झाला. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निकाल २००९ साली छापून आला. सिस्टरांच्या टेबलावर ती चाचणी अजून आलेली नाही. ती यायला हवी.