लॅक ऑपेरॉनचा अभ्यास कसा करावा?

बी.एस्सी.ला सेल अँड मॉलिक्युलर बायोलॉजी शिकणारे पुष्कळ विद्यार्थी धडा चार-चारदा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात, आणि पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की अडतात. नावं पाठ असतात, पण कोण कोणाला अडवतं हे उलगडलेलं नसतं. ते उलगडायचं कसं, हे लॅक ऑपेरॉनवरून पाहू.

सुरुवात प्रश्नापासून करा. ई. कोलाय या जीवाणूला लॅक्टोज पचवणारी विकरं हवी तेव्हाच कशी बनवता येतात? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये याचं उत्तर मांडलं. १९६५ च्या नोबेल पुरस्कारात दोघेही होते.

मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आकृती काढा. आय जनुक रिप्रेसर बनवतं. तो ऑपरेटरवर बसतो आणि आरएनए पॉलिमरेजची वाट अडते. लॅक्टोजपासून तयार झालेला अ‍ॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटला की त्याची डीएनएवरची पकड सुटते. ग्लुकोज कमी असेल तर सायक्लिक एएमपी वाढतं. ते कॅप या प्रथिनाला जोडलं जातं आणि कॅप प्रमोटरजवळ बसून पॉलिमरेजला मदत करतं. झेड, वाय, ए ही जनुकं जोमानं चालू होतात. जिथे अडाल तिथेच पुस्तक उघडा.

आता खरा अभ्यास: एकेक भाग बिघडवून पाहा. ग्लुकोज नाही, लॅक्टोजही नाही, असं धरा. आय जनुक निकामी झालं तर? रिप्रेसरच नाही, म्हणून विकरं बनतच राहतील. रिप्रेसर बसू शकणार नाही असा ऑपरेटर बिघडला तर? परिणाम तोच. मग हे दोन बिघाड वेगळे ओळखायचे कसे? त्या पेशीत ऑपेरॉनची दुसरी, निर्दोष प्रत आय जनुकासह आणा. पहिल्या बिघाडात चांगल्या प्रतीचा रिप्रेसर पेशीभर फिरून दोन्ही ऑपरेटरांवर बसतो. नियंत्रण परत येतं. दुसऱ्यात येत नाही, कारण ऑपरेटर हा डीएनएचा तुकडा आहे आणि त्याची सत्ता त्याच डीएनएवरच्या शेजारच्या जनुकांपुरतीच चालते. हा युक्तिवाद स्वतः करता आला की ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

हीच आकृती दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं न बघता पुन्हा काढा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. वाचताना येणारा आत्मविश्वास म्हणूनच फसवा असतो.

पुढे ट्रिप्टोफॅन ऑपेरॉन घ्या आणि प्रत्येक भागाबद्दल विचारा: हा नसता तर काय झालं असतं? उत्तर कारणासकट लिहिता येईपर्यंत तो धडा झाला असं समजू नका.