पॅरामेडिक म्हणजे कोण?

अपघात, हृदयविकाराचा झटका, अडलेलं बाळंतपण अशा वेळी घटनास्थळी उपचार सुरू करून रुग्णाला सांभाळत रुग्णालयात नेणारा प्रशिक्षित कर्मचारी. तो डॉक्टर नसतो. लॅब किंवा एक्स-रे तंत्रज्ञही नसतो.

• काम : श्वासमार्ग मोकळा करणं, रक्तस्राव थांबवणं, ऑक्सिजन व सलाईन लावणं, ईसीजी काढणं.

• हृदय बंद पडल्यास : छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढांमध्ये ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

• आरंभ : अमेरिकेत पिट्सबर्गची फ्रीडम हाउस सेवा, १९६७. कर्मचारी कृष्णवर्णीय वस्तीतले, प्रशिक्षण डॉ. पीटर साफार यांचं.

• भारतात : ‘१०८’ सेवा २००५मध्ये हैदराबादेत, २००८मध्ये गोव्यात, २०१४मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्रात ‘१०८’च्या रुग्णवाहिकेत डॉक्टरही असतो.

• मदतीसाठी : १०८ फिरवा. सेवा मोफत, चोवीस तास.