रेषा टँपावर, वादळ फोर्ट मायर्सवर

२८ सप्टेंबर २०२२ रोजी फ्लोरिडातल्या टँपा शहरात एक विलक्षण दृश्य दिसले. खाडीचे पाणी ओसरून पार आत गेले होते आणि लोक उघड्या पडलेल्या चिखलात उतरून फोटो काढत होते. इयान नावाचे हरिकेन टँपावर येणार, या धास्तीने शहराने आदले दोन-तीन दिवस काढले होते. ते आले नाही. दुपारी तीनच्या सुमारास, टँपाच्या दक्षिणेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, कायो कोस्टा या छोट्या बेटावर ते ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यांसह धडकले.

उत्तर गोलार्धातल्या चक्रीवादळात वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे केंद्राच्या उत्तरेला असलेल्या टँपात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि खाडी रिकामी करत होता. केंद्राच्या दक्षिणेला, फोर्ट मायर्स बीचवर, तोच वारा समुद्र गावात ढकलत होता. तिथे पाणी जमिनीपासून दहा ते पंधरा फूट चढले, घरेच्या घरे पायावरून उचलली गेली आणि सॅनिबेल बेटाला जोडणारा रस्ता जागोजागी तुटला. फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसे गेली. वादळाने थेट घेतलेल्या बळींपैकी बहुतेकांचा जीव वाऱ्याने नव्हे, पाण्याने घेतला.

मग अंदाज चुकला का? माझ्या मते नाही. तो वाचताना चूक झाली, आणि ही चूक कोणत्याही किनाऱ्यावर होऊ शकते.

हरिकेन स्वतःच्या बळाने फारसे कुठे जात नाही. ओढ्यातला भोवरा जसा प्रवाहाबरोबर वाहत जातो, तसे ते भोवतालच्या मोठ्या वाऱ्यांबरोबर सरकते. इयान क्यूबाच्या पश्चिम टोकावरून मेक्सिकोच्या आखातात शिरले, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व भागावर कमी दाबाचा एक लांबट पट्टा दक्षिणेकडे उतरत होता. तो वादळाला किती लवकर आपल्याकडे ओढतो, यावर सगळे अवलंबून होते. अमेरिकेचे संगणकी प्रारूप वादळाला उत्तरेकडे, फ्लोरिडाच्या वरच्या भागाकडे नेत होते, तर युरोपचे प्रारूप दक्षिणेकडे, द्वीपकल्पाकडे. त्यात या किनाऱ्याची ठेवणच अडचणीची आहे. वादळ दक्षिणेकडून येते आणि किनारा जवळजवळ त्याच्या वाटेला समांतर धावतो. वादळाची दिशा चार-पाच अंशांनी बदलली, तरी धडकण्याची जागा शंभर किलोमीटर इकडची तिकडे होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी चार्ली हरिकेनने हेच केले होते. सगळ्यांचे लक्ष टँपाकडे होते आणि चार्ली आधीच उजवीकडे वळून कायो कोस्टावरच आले. अठरा वर्षांनी बेटही तेच आणि गाफील राहण्याचे कारणही तेच!

अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनी नवा अंदाज देते. त्याच्या नकाशावर पांढरा शंकू असतो, पुढे पुढे रुंद होत जाणारा. तो वादळाचा आकार आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो फक्त वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट दाखवतो, आणि तीही मागच्या पाच वर्षांतल्या चुकांवरून बेतलेली. दर तीन वेळांपैकी साधारण दोनदा केंद्र या शंकूत राहते, एकदा बाहेर जाते. तीन दिवस पुढच्या जागेसाठी शंकूच्या मधोमध जाणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण १८० किलोमीटर मोकळे सोडलेले असतात. वारा, पाऊस आणि उधाण शंकूच्या कितीतरी बाहेर पोहोचते. आज तीन दिवस आधीचा अंदाज १९९० च्या सुमाराच्या एका दिवसाच्या अंदाजाइतका अचूक झाला आहे. वादळाच्या पोटात विमाने घालून, त्यातून मोजमापाच्या नळ्या खाली सोडून मिळवलेल्या माहितीचाही त्यात वाटा आहे. त्या विमानांत बसणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही मधली रेषा म्हणजे वचन नव्हे.

फोर्ट मायर्सचा ली परगणा शंकूच्या दक्षिण कडेला होता. उधाणाचा अंदाज मात्र वेगळा दिला जातो, आणि त्यात वादळ येण्याच्या दोन-तीन दिवस आधीच तिथल्या सखल भागात सहा फुटांवर पाणी चढण्याची शक्यता किमान दहा टक्के दिसत होती. परगण्याच्या स्वतःच्या आराखड्यानुसार तेवढी शक्यता सर्वांत सखल वस्ती हलवायला पुरेशी होती. शेजारच्या परगण्यांनी २६ तारखेला, सोमवारी आदेश काढले. ली परगण्याचा आदेश मंगळवारी सकाळी आला. अंदाज बदलत होता, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि तो बदलत होता हे खरेच. पण दहा टक्के ऐकल्यावर मन उरलेल्या नव्वदाकडे धावते. पावसात छत्री न्यायची की नाही हे ठरवताना ते चालेल. दारात दहा फूट पाणी येणार असेल तर चालणार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. सरसकट सगळ्यांना हलवणेसुद्धा जिवावर बेतते. २००५ मध्ये कतरिना हरिकेनची आठवण ताजी असताना रिटा हरिकेन ह्यूस्टनकडे निघाल्याची बातमी आली आणि वीस लाखांहून अधिक लोक एकाच वेळी रस्त्यावर आले. गाड्या भर उन्हात तासन् तास अडकल्या. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटून २३ जण गेले. रिटा पूर्वेकडे वळले, आणि वादळाने घेतले त्याहून अधिक जीव त्या पळापळीत गेले. म्हणूनच फ्लोरिडात किनारी वस्तीचे ए, बी, सी असे झोन पाडलेले आहेत. पाणी आधी जिथे चढणार, ते आधी निघतात. तिथले जुने लोक सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. शेकडो किलोमीटर जायची गरज नसते. उंचावरचे, पक्के, वीस-तीस किलोमीटरवरचे घर बहुधा पुरते.

उरलेली तयारी रेषा कुठेही असली तरी तीच. खिडक्यांच्या मापाच्या प्लायवूडच्या फळ्या आधीच कापून, कोणती कुठे लागते ते खडूने लिहून गॅरेजमध्ये ठेवलेल्या असतात. वादळ दोन दिवसांवर आल्यावर दुकानात प्लायवूड उरत नाही. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला पावणेचार लिटर, तेही अनेक दिवसांचे. संडासासाठी बाथटब भरून ठेवायचा. वीज गेली की कार्डे चालत नाहीत, म्हणून थोडी रोकड. औषधे, कागदपत्रे, पेट्रोलची टाकी भरलेली गाडी. आणि जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने वादळ सरल्यावर माणसे झोपेतच जातात.

आपल्या कोकण किनाऱ्याची ठेवणही अशीच उत्तर-दक्षिण आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाचा अंदाज हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्याचा, अलिबागजवळचा होता. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे मुंबईवर रोखलेले होते. ३ जूनला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात आले, म्हणजे दिलेल्या पट्ट्यातच, पण दक्षिण टोकाशी. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरांचे पत्रे उडाले, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्या वर्षी तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर जात गुजरातेत धडकले. मुंबईत ते जमिनीवर आलेच नाही, तरी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडून साठाहून अधिक माणसे गेली.

अरबी समुद्रातली वादळे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, अटलांटिकमधली जून ते नोव्हेंबर. फ्लोरिडात किंवा टेक्सासच्या किनाऱ्यावर तुमचे कुणी असेल, तर वादळ कुठवर आले हे विचारण्याआधी त्यांचा झोन कोणता ते विचारा. त्यांना तो ठाऊक नसेल, तर फोन ठेवायच्या आत शोधायला लावा. आणि कोकणात खाडीकाठी घर असेल, तर आपल्या गावचा पक्का निवारा कोणता आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथवर कोण नेणार, हे एप्रिलमध्येच ग्रामपंचायतीत जाऊन ठरवून घ्या.