विंडोज 10 वरून विंडोज 11 वर जावे का? – शाळा आणि घरातील संगणकासाठी सोपे मार्गदर्शन



वडगाव निंबाळकर आणि आसपासच्या शाळांतील शिक्षक भेटले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "सर, संगणक चालू केला की विंडोज 10 चा सपोर्ट संपला असं येतंय. नवीन टाकू का? का राहू दे?" कोणी सांगतं लगेच टाका, कोणी सांगतं जुनंच बरं, तर दुकानदार म्हणतो नवीन संगणकच घ्या. शाळेचा संगणक कक्ष बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीतून उभा राहिलेला असतो. म्हणून घाईत निर्णय घेण्याआधी हा विषय नीट समजून घेऊ.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय झाले?

विंडोज 10 ही प्रणाली 29 जुलै 2015 रोजी आली आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ संगणक बंद पडेल असा नाही. तो पूर्वीसारखाच चालू होतो, फायली उघडतात, प्रिंटही निघते. फक्त प्रणालीत नवीन उणीव सापडली तर ती बुजवणारे मोफत अपडेट आता आपोआप येत नाही. वाड्याच्या भिंतीला भगदाड पडलं आणि गवंडी यायचा बंद झाला, तसंच हे.

त्याने खरंच काही बिघडतं का?

बिघडतं. 2017 चे उदाहरण पाहा. विंडोजमधील एका उणिवेवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्ये दिला होता. अनेकांनी तो टाकला नाही. मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच उणिवेतून जगभर पसरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि पैसे मागायचे, हे त्याचे काम. जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्या या व्हायरसनेही पसरण्यासाठी त्या उणिवेचा वापर केला. त्याचा फटका आपल्या न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनललाही बसला आणि कंटेनरचे काम खोळंबले. उपाय उपलब्ध असताना ही गत झाली. उपायच येणार नसेल तर धोका वाढत जातो.

दुसरी अडचण हळूहळू येते. विंडोज 7 चा सपोर्ट जानेवारी 2020 मध्ये संपला आणि 2023 मध्ये क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या त्यावर येणे थांबले. शालार्थ, यू-डायस प्लस ही आपली सगळी कामे ब्राउझरमध्येच चालतात. म्हणजे आज चालतंय म्हणून कायम चालेल असं धरून चालू नका.

आपला संगणक विंडोज 11 ला चालेल का?

आधी हे तपासा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप आहे. मुख्य अटी अशा आहेत:

1. रॅम किमान 4 जीबी आणि साठवण किमान 64 जीबी. प्रत्यक्षात 4 जीबीवर संगणक रडतखडत चालतो. 8 जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर बरे.
2. टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय. बऱ्याच संगणकांत ती असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. त्यामुळे "नाही" असे दाखवले तर एकदा जाणकाराला विचारा.
3. प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढचा लागतो.

पिढी ओळखायची कशी? नावातील आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा. आय3-4130 म्हणजे चौथी पिढी, आय5-8400 म्हणजे आठवी, आय5-12400 म्हणजे बारावी. म्हणजे नुसतं "आमचा आय5 आहे" असं सांगून भागत नाही.

आता निर्णय कसा घ्यायचा?

अ) संगणक पात्र असेल तर: विंडोज 11 वर जा. मूळ परवाना असलेल्या विंडोज 10 वरून जायला पैसे लागत नाहीत. मात्र पगारबिलाच्या किंवा निकालाच्या आठवड्यात हे काम काढू नका.

ब) पात्र नसेल, पण लगेच खर्च शक्य नसेल तर: वैयक्तिक वापराच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली. त्यासाठी विंडोज 10 ची 22एच2 ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला तर ही सोय मोफत मिळते. पण हा कायमचा उपाय नाही, फक्त मिळालेली सवड आहे.

क) संगणक फारच जुना असेल तर: भंगारात देण्याआधी लिनक्सचा विचार करा. केरळमधील सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्स वापरत आहेत. आपल्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. लिब्रे ऑफिस, जिओजेब्रा, ब्राउझर, इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग हे सगळं त्यावर होतं. मुलांच्या सरावाला एवढे पुरेसे आहे.

ड) अट चुकवून विंडोज 11 टाकणे: "टाकून देतो की" म्हणणारे भेटतात. पण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यासाठी बदल करायचा तेच हातात राहणार नसेल, तर कार्यालयाच्या संगणकावर हा जुगाड नको.

अपग्रेडपूर्वी हे करा

- निकालपत्रके, जनरल रजिस्टरची नोंद, पगाराच्या फायली, फोटो हे सगळं पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर विसरू नका.
- जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची सीडी, डोंगल आणि फॉन्ट जपून ठेवा. जुन्या फॉन्टमधील प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात.
- प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीच्या डोंगलचे ड्रायव्हर विंडोज 11 साठी मिळतात का, ते आधी बघा.
- वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका. मध्येच वीज गेली तर संगणक अडकू शकतो.
- सर्व संगणक एकदम करू नका. आधी एकच करा, आठवडाभर रोजची कामे त्यावर करून बघा.

नाहीच जमले तर परतीची वाट आहे. अपग्रेडनंतर 10 दिवसांच्या आत सेटिंग्जमधील सिस्टीम, मग रिकव्हरी येथे जाऊन 'गो बॅक' निवडले की पुन्हा विंडोज 10 मिळते. त्या 10 दिवसांत डिस्क साफ करताना जुन्या विंडोजच्या फायली मात्र उडवू नका.

थोडक्यात

शाळेतील सगळ्या संगणकांना एकच उत्तर लागू होत नाही. ज्या संगणकावर पगार, निकाल आणि मुलांची माहिती आहे, तो आधी सुरक्षित करा. नवीन घ्यायला पैसे एकाच संगणकापुरते असतील तर तो कार्यालयासाठी घ्या. कक्षातले जुने संगणक लिनक्सवर अजून काही वर्षे मुलांच्या हाताखाली राहतील.

आजच एक छोटे काम करा. कीबोर्डवर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. तुमच्या संगणकावर कोणती विंडोज आहे ते समोर येईल. प्रत्येक संगणकासाठी ते वहीत लिहा, शेजारी प्रोसेसर आणि रॅम लिहा. ही यादी समोर असली की निम्मा निर्णय झालाच म्हणून समजा.